बोटीचें भाडें आणि बोटीवरची सेवा



वर्तमानपत्रांतील दोन जाहिराती एकमेकींशेजारीं ठेवून पाहा. दोन्ही सागरसहलींच्या, दोन्ही सात रात्रींच्या, दोन्ही भूमध्य समुद्रांतील. बंदरेंहि बहुतेक तींच. पण एकीचें भाडें दुसरीच्या जवळजवळ तिप्पट. मुलगा किंवा मुलगी परदेशीं स्थायिक झाली आहे, सेवानिवृत्तीचा पैसा हातीं आला आहे, आणि ‘एकदां तरी बोटीनें हिंडून येऊं’ असा घरांत आग्रह चालला आहे, अशा कुटुंबापुढें हा प्रश्न आज खरोखरीच उभा राहतो. स्वस्त तिकीट घेणारा शहाणा, कीं महाग घेणारा? नुसत्या तिकिटावरच्या आंकड्यावरून ह्याचें उत्तर मिळत नाहीं, आणि तें कां मिळत नाहीं, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे दोन तऱ्हेच्या खाणावळी असतात. एकींत बसतांना ठरलेला दर भरला, कीं उठेपर्यंत दुसरा हिशेब नाहीं. दुसरींत थाळीचा दर फार कमी. पण दही वेगळें, पापड वेगळा, भाजीची दुसरी वाटी वेगळी. दोन्ही मालक प्रामाणिक असूं शकतात. गिऱ्हाईक फसतें तें एकाच्या पाटीवरचा दर दुसऱ्याच्या पाटीवरच्या दराशीं ताडून पाहिल्यामुळें. सागरसहलीच्या कंपन्याहि अशाच दोन पंथांच्या आहेत, आणि त्या दोहोंच्या मधोमध नाना छटांच्या कंपन्या पसरलेल्या आहेत.

केवळ सहलीसाठीं समुद्रावर जाणें ही कल्पना तशी फार जुनी नव्हे. पी. अँड ओ. कंपनीनें १८४४ सालीं इंग्लंडहून भूमध्य समुद्राकडे अशा फेऱ्या काढल्या, आणि थॅकरे ह्या कादंबरीकाराला फुकट प्रवास घडवून त्या मोबदल्यांत एक प्रवासवर्णन पदरांत पाडून घेतलें. जाहिरातीची ही युक्ति तेव्हांपासूनची आहे! पुढें १८९१ सालीं हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन ह्यांनीं ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही अटलांटिकवरची मोठी बोट जवळजवळ दोन महिन्यांच्या सहलीसाठीं भूमध्य समुद्रांत धाडली. कारण साधें होतें. हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि बोट धक्क्याला बांधून ठेवली, तरी तिचा खर्च चालूच राही. १९५८ सालीं अटलांटिकवरून जेट विमानें जाऊं लागलीं आणि उतारूंच्या बोटींचा मूळ धंदाच थोड्या वर्षांत आटला. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून डाकबोटी सुटत, तेव्हां उतारू विचारीत असे तें एवढेंच, कीं विलायतेस किती दिवसांत पोंचणार आणि वर्ग कोणता? आजची सहलीची बोट बहुधा जेथून निघते तेथेंच परत येते. पोंचविणें हें तिचें कामच नव्हे. तेव्हां ती विकते काय? जागा, जेवण, चाकरी आणि करमणूक. म्हणून तुलना करावयाची ती ह्याच गोष्टींची.

नांवें पुष्कळ दिसतात, पण मालक थोडे आहेत. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, कोस्टा, आयडा, सीबोर्न आणि इंग्लंडमधील पी. अँड ओ. क्रूझेस ह्या साऱ्या एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या शाखा. रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी व सिल्व्हरसी एका घरच्या. नॉर्वेजियन, ओशेनिया व रीजेंट सेव्हन सीज दुसऱ्या घरच्या. जिनीव्हाची एम. एस. सी. मात्र आपोंते कुटुंबाच्या खासगी मालकीची आहे, आणि तिनेंहि श्रीमंतांसाठीं एक्स्प्लोरा नांवाची निराळी शाखा काढली आहे. एकाच गिरणीचें कापड निरनिराळ्या छापांखालीं विकलें जावें, तसा हा प्रकार. कोणत्या छापाखालीं कोणत्या ऐपतीचें गिऱ्हाईक ओढावयाचें, हें मालकानें आधींच ठरविलेलें असतें. एकाच बोटीवरहि हा भेद आढळतो. क्यूनार्डच्या बोटींवर आपण घेतलेल्या खोलीच्या दर्जावर आपलें भोजनगृह ठरतें: ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल किंवा क्वीन्स ग्रिल. एम. एस. सी.च्या ‘यॉट क्लब’मध्यें आणि नॉर्वेजियनच्या ‘हेवन’मध्यें तर वेगळा पोहण्याचा तलाव, वेगळें भोजनगृह, अशी बोटींतच दुसरी बोट वसविलेली आहे. जुना पहिला वर्ग गेला असें म्हणतात. तो गेलेला नाहीं, त्याचें फक्त बारसें पुन्हा झालें आहे.

आतां जागेकडे वळूं. बोटीच्या माहितीपत्रकांत ‘ग्रॉस टनेज’ म्हणून एक आंकडा असतो. टन शब्दामुळें पुष्कळांना तें वजन वाटतें. पण तें वजन नव्हे, बोटीच्या आंतील बंदिस्त जागेचें मोजमाप आहे. ह्या आंकड्याला उतारूंच्या संख्येनें भागावें. संख्या घ्यावयाची ती एका खोलींत दोघे ह्या हिशेबानें. भागाकार जितका मोठा, तितकी माणशीं जागा अधिक, आणि न्याहारीच्या रांगेंत धक्काबुक्की कमी. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें रॉयल कॅरिबियनचें प्रचंड जहाज जानेवारी २०२४ मध्यें उतारू घेऊं लागलें. त्याचा आंकडा सुमारें २,४८,६०० आणि उतारू ५,६१०, भागाकार ४४. क्यूनार्डची ‘क्वीन मेरी २’ सुमारें १,४९,२०० ची, उतारू २,६९१, भागाकार ५५. व्हायकिंग कंपनीचीं समुद्रावरचीं पुष्कळशीं जहाजें सुमारें ४७,८०० चीं, उतारू ९३०, भागाकार ५१. रीजेंटचें ‘सेव्हन सीज एक्स्प्लोरर’ ५५,२५४ चें आणि उतारू अवघे साडेसातशें. भागाकार ७४ च्या आसपास. जगांतील सर्वांत प्रचंड जहाजांपैकीं एकावर माणशीं जागा मध्यम जहाजाहून कमी निघते, हें आंकडे मांडल्याशिवाय लक्षांत येत नाहीं. अर्थात् त्या प्रचंड जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, बर्फावरचे खेळ आहेत, तलाव आहेत. नातवंडें बरोबर असतील, तर तेथील गर्दीहि त्यांना गंमतच वाटेल. व्हायकिंगच्या जहाजावर मात्र अठरा वर्षांखालील कोणालाच घेत नाहींत, आणि जुगारखानाहि नाहीं. ज्याला संध्याकाळीं शांतपणें पुस्तक वाचावयाचें आहे, त्याला ह्या दोन गोष्टींसाठीं चार पैसे अधिक मोजणें जड वाटूं नये.

जागेनंतर हात. उतारूंच्या संख्येला नोकरवर्गाच्या संख्येनें भागलें, कीं एका सेवकामागें किती उतारू हें समजतें. ‘आयकॉन’वर २,३५० नोकर, म्हणजे एकामागें जवळजवळ २.४ उतारू, व्हायकिंगच्या जहाजांवर सुमारें २, रीजेंटच्या वरील जहाजावर साडेपांचशेंच्या आसपास नोकर असल्यामुळें दीडाहूनहि कमी. अपूर्णांकांतला हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण नोकरांत इंजिनाजवळचे, धुलाईखान्यांतले, नटनर्तक असे सगळेच मोजलेले असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे टेबलाशीं येणाऱ्या वाढप्याला किती टेबलें सांभाळावीं लागत असतील, त्याची कल्पना येते. पूर्वीं साध्या खोल्याहि दिवसांतून दोनदां झाडल्या-आवरल्या जात. २०२३ च्या सुमारास मोठ्या अमेरिकन कंपन्यांनीं साध्या खोल्यांसाठीं तें एकदांवर आणलें. भाडें वाढविलें असतें, तर ओरड झाली असती. चाकरी कमी केली, ती फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

आतां मुख्य मुद्दा, म्हणजे भाड्यांत काय येतें आणि काय येत नाहीं. स्वस्त पंथाच्या बोटीवर खोली, मुख्य भोजनगृहांतील जेवण, स्वतः वाढून घ्यावयाचा फराळ, साधें पाणी, चहा-कॉफी आणि रंगमंचावरचे कार्यक्रम एवढें भाड्यांत मिळतें. मद्य, सोडा-सरबतें, चांगली कॉफी, इंटरनेट, विशेष भोजनगृहें आणि किनाऱ्यावरच्या सहली ह्यांचे पैसे वेगळे. शिवाय रोजची बक्षिसी. अमेरिकन बोटींवर ती माणशीं दररोज सुमारें १६ ते २० डॉलर पडते आणि आपोआप बिलांत चढते. मुलांनाहि ती लागू असते. महाग पंथांत ह्याच्या उलट. रीजेंट किनाऱ्यावरच्या बहुतेक सहलीसुद्धां भाड्यांत धरते. व्हायकिंग प्रत्येक बंदरांत एक सहल आणि दुपार-रात्रीच्या जेवणाबरोबरची बिअर व वाईन देते. इंग्लंडच्या पी. अँड ओ. क्रूझेसनें २०१९ सालीं रोजची बक्षिसी वेगळी घेणें बंद करून ती भाड्यांत मिळविली.

एक हिशेब मांडून पाहूं. ह्यांतील रकमा केवळ उदाहरणासाठीं धरल्या आहेत. नवराबायको, सात रात्री, स्वस्त बोटीचें भाडें माणशीं ७०० डॉलर, म्हणजे दोघांचे १,४००. रोज १८ डॉलरप्रमाणें बक्षिसी २५२. एका माणसाचें इंटरनेट रोज २० डॉलरप्रमाणें १४०. तीन बंदरांत बोटीनें नेलेल्या सहली, माणशीं ९० प्रमाणें ५४०. इथपर्यंत २,३३२ झाले. दोघेहि पेयांचा ठराविक दर रोज ८० डॉलरप्रमाणें घेणार असतील, तर आणखी १,१२०, आणि एकूण ३,४५२. समोर सर्वसमावेशक बोट आहे, माणशीं २,००० म्हणजे दोघांचे ४,०००. जाहिरातींत तिप्पट वाटणारें अंतर मद्य घेणाऱ्या जोडप्याच्या बाबतींत जवळजवळ मिटलें! पण मद्याला न शिवणाऱ्या जोडप्यासाठीं तें अजूनहि मोठेंच आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं हा भेद ओळखला पाहिजे. ‘सारें कांहीं भाड्यांत’ ह्या शब्दांत जें सारें येतें, त्याचा मोठा वांटा वाईनचा असतो, आणि न पिणाऱ्यानें पिणाऱ्याचा खर्च कां उचलावा? उलट, ठराविक दराच्या पेयांचा नियम कित्येक कंपन्यांत असा असतो, कीं एका खोलींतील एका प्रौढ माणसानें तो घेतला, तर दुसऱ्यानेंहि घेतलाच पाहिजे. यजमान संध्याकाळीं दोन पेले घेणारे आणि बाई नुसतें लिंबाचें सरबत पिणाऱ्या, अशा घरानें तो न घेतां पेल्याचे सुटे पैसे द्यावे, हें उत्तम. एकटा प्रवास करणाऱ्याची अडचण निराळीच आहे. भाडें दोघांच्या हिशेबानें असल्यामुळें त्याला बहुधा रिकाम्या बिछान्याचेहि पैसे द्यावे लागतात. नॉर्वेजियन कंपनीनें २०१० सालीं ‘एपिक’ जहाजावर एकट्यांसाठीं १२८ लहान खोल्या बांधल्या, आणि मग ही सोय इतर कंपन्यांतहि हळूहळू आली.

बक्षिसीबद्दल मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे, कारण ती केवळ हिशेबाची बाब नव्हे. गोव्यांत बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. तेथील कित्येक घरें, शाळेंतील मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्यांचीं औषधें ह्या तारवट्यांच्या पगारावर चालत आलीं आहेत. मुंबई व कोंकणांतील तरुणहि ह्या बोटींवर पुष्कळ आहेत. सहा ते नऊ महिन्यांचा करार आणि तेवढा काळ घरापासून दूर. २००६ च्या सागरी कामगार करारानें, जो २०१३ पासून अंमलांत आला, चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यांत ७७ तास विश्रांति ठरवून दिली आहे. म्हणजे एखादा चौदा तासांचा दिवस कायद्यांत सहज बसतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या विद्यमानें निष्णात खलाशासाठीं २०२५ सालाकरितां जें किमान मूळ वेतन ठरलें, तें महिना ६७३ डॉलर होतें. भोजनगृहांतील वाढपी आणि खोली आवरणारा स्टुअर्ड ह्यांच्या मिळकतीचा मोठा भाग पगाराचा नसून बक्षिसीचा असतो. बोटीवर झेंडा बहामाचा, पनामाचा किंवा माल्टाचा असतो, आणि मजुरीचे कायदे बोटीवरील झेंड्याचे चालतात, कचेरी जेथें आहे त्या देशाचे नव्हेत. १८४० पासून अटलांटिकवर चालत आलेल्या क्यूनार्डनेंहि २०११ सालीं आपल्या बोटींची नोंद ब्रिटनमधून काढून बर्म्यूडांत नेली. त्यामुळें बोटीवर लग्नें लावतां येतील, असें कारण तिनें दिलें होतें. लग्नें लागलीं, हें खरें. पण झेंड्याबरोबर मजुरीचा कायदाहि बदलला.

ह्याचा तिकिटाशीं संबंध असा. स्वस्त भाड्यांतून चाकरीची किंमत बाहेर काढून ती बक्षिसी म्हणून वेगळी मांडलेली असते. ती भाड्याचाच एक तुकडा आहे. कित्येक अमेरिकन बोटींवर कचेरीच्या खिडकीशीं जाऊन ती आपल्या बिलांतून काढून टाकतां येते, आणि ‘पैसे वांचविण्याची युक्ति’ म्हणून प्रवासी एकमेकांना ती सांगतातहि. अशा रीतीनें वांचलेले पैसे कंपनीच्या तिजोरींतून येत नाहींत. ते आपली खोली आवरणाऱ्या माणसाच्या खिशांतून येतात. भाड्याचा विचार करतांना बक्षिसी पहिल्याच ओळींत धरावी, म्हणजे बोटीवर गेल्यावर असला मोह होणार नाहीं. चाकरीचे पैसे भाड्यांतच घेण्याची पद्धति मला अधिक स्वच्छ वाटते. मात्र अशा कंपनीकडे सेवकाला नक्की काय मिळतें, हेंहि विचारलें पाहिजे.

माहितीपत्रकांतील बंदरांच्या नांवांवर विसंबूं नये. ‘रोम’ असें लिहिलेलें असतें, पण बोट लागते चिव्हितावेक्किया येथें, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, पॅरिसपासून सुमारें दोनशें किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकवरचें वार्नेम्युंडे, तेथून बर्लिन दोनशेंहून अधिक किलोमीटर. सारा दिवस आगगाडींत किंवा बसमध्यें जावयाचा. व्हेनिसच्या मुख्य कालव्यांतून २५,००० टनेजवरील जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. तेव्हां तिकिटावरचें ‘व्हेनिस’ प्रत्यक्षांत मार्गेरा, राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते असूं शकतें. बोट सकाळीं सातला लागून रात्रीं आठला सुटते, कीं नवाला लागून दुपारीं तीनला, हेंहि पाहावें. दुसऱ्या प्रकारांत स्वस्त भाड्याचा अर्थ इतकाच, कीं आपण किनारा पाहण्याऐवजीं बोटींतील दुकानें पाहावीं.

स्वच्छतेबाबत मात्र कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहावें लागत नाहीं. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या सहलीच्या जहाजांची तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राकडून १९७५ पासून तपासणी होत आली आहे. शंभरपैकीं गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी मिळाले, तर जहाज नापास. हे गुण सर्वांना पाहावयास मिळतात, आणि पुष्कळदां महाग जहाजाला स्वस्त जहाजाहून कमी गुण मिळालेले दिसतात. खोली निवडतांना ज्याला बोट लागते त्यानें मधल्या भागांतील खालच्या मजल्यावरची घ्यावी. तेथें हेलकावा कमीत कमी असतो, आणि सुदैवानें भाडेंहि कमी असतें.

आतां घराजवळची गोष्ट. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्यें कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ ह्या बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. ही बोट १९९० सालीं फ्रान्समध्यें रॉयल कॅरिबियनसाठीं बांधलेली, ४८,५६३ टनेजची, ७९६ खोल्यांची. वरचाच भागाकार केला, तर माणशीं ३० येतो. म्हणजे प्रशस्तपणांत ती नव्या जहाजांच्या बरीच मागें आहे, आणि खोल्याहि तेव्हांच्या मापाच्या, लहान आहेत. परंतु देशांतल्या देशांत फिरतांना व्हिसा नाहीं, विमानाचें भाडें नाहीं, शाकाहारी व जैन जेवण मागावें लागत नाहीं, तें असतेंच. परदेशी बोटीवर शाकाहारी जेवण मिळतें, पण तें कधींकधीं आगाऊ कळवावें लागतें, आणि सात दिवस त्याच त्याच चवीची तयारी ठेवावी लागते. गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊन येण्याच्या थोड्याशा रात्रींत आपल्याला बोट मानवते कीं नाहीं हें कळतें. लाखांचें परदेशी तिकीट काढण्यापूर्वीं एवढा खर्च करणें मला वावगें वाटत नाहीं.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणीं मोठें जहाज धक्क्याला लागत नाहीं. उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळलेला असेल, तर कप्तान उतरूं देत नाहीं, आणि जहाज तसेंच पुढें जातें. तिकिटामागील बारीक अक्षरांत सर्वच कंपन्यांनीं हा हक्क आपल्याकडे राखून ठेवलेला असतो: बंदर चुकलें, तर बहुधा त्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो, भाडें नाहीं. तें बारीक अक्षर चष्मा लावून वाचावें, आणि पैसे भरण्यापूर्वीं वाचावें.